ॲव्हरेजचा आकडा एकटा छापू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत मध्यम आकाराच्या एसयूव्हींचा तक्ता छापून आला. लिटरला हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली) २७.९७ किलोमीटर, डिझेल २१.८, पेट्रोल १७.४ आणि खाली निष्कर्ष, की हायब्रिड सगळ्यांत स्वस्त पडते. आकडे बरोबर आहेत. पहिला मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा, म्हणजे जिची मोटर एकटीही गाडी चालवू शकते तिचा, उरलेले दोन ह्युंदाई क्रेटाच्या मॅन्युअल गिअरच्या डिझेलचा आणि साध्या पेट्रोलचा. कंपन्यांनी जाहीर केलेलेच आहेत. निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे. कोल्हापुरात रोज राजारामपुरी ते महाद्वार करणारा, आठवड्यातून दोनदा पुणे गाठणारा आणि दर शनिवारी गगनबावड्याहून कोकणात उतरणारा, या तिघांना एकच गाडी स्वस्त पडणार नाही. आम्ही काही जण गाड्या दुरुस्त करणारे, काही जण हाच विषय शिकवणारे. गाडी घेऊन झाल्यावर लोक जे विचारायला येतात, ते घेण्याआधी वाचायला मिळावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाने १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, चालवतात. त्यातला दोन तृतीयांश वेळ शहरातल्यासारखा जातो: निघा, थोडे चाला, थांबा, पुन्हा निघा. शेवटची ४०० सेकंद मोकळ्या रस्त्याची, पण तिथेही काटा ९० च्या वर जात नाही. एसी बंद असतो. चढ नाही, समोरचा वारा नाही, मागे तीन माणसे आणि डिकीत सामान नाही. थांबत-थांबत चालणे हा हायब्रिडचा हातखंडा खेळ असल्याने या परीक्षेत ती पहिली येणार हे ठरलेलेच. डिझेल जिथे सरस ठरते तो लांबचा सलग रस्ता या परीक्षेत जेमतेम डोकावतो आणि घाट तर अजिबात येत नाही.

दुसरी अडचण गणिताची. ‘लिटरला किती’ हे माप वरच्या टोकाला उगाच फुगते. १० देणारी गाडी १२ द्यायला लागली, तर १०० किलोमीटरला १० लिटरऐवजी ८.३३ लिटर लागतात, वाचले १.६७ लिटर. २२ देणारी गाडी २८ वर गेली, तर ४.५५ ऐवजी ३.५७, वाचला लिटरपेक्षाही कमी. दोनाचा फरक सहाच्या फरकावर मात करून गेला! तसेच शहरात १० आणि हायवेला २० देणारी गाडी दोन्हीकडे सारखी फिरली, तर तिचे ॲव्हरेज १५ नसते. शहरातल्या १०० किलोमीटरला १० लिटर, हायवेच्या १०० ला ५. २०० भागिले १५, उत्तर १३.३. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागले असे मोजतात. त्या मापात ही फसगत होत नाही. आपण तर त्याच्याही पुढे जाऊन थेट किलोमीटरला किती रुपये ते काढावे, कारण पेट्रोल आणि डिझेलचा दरच वेगळा आहे.

तो हिशेब करून पाहू. सोपे जावे म्हणून पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरतो. वाचकांनी आपल्या पंपावरचा आजचा दर घालावा. ॲव्हरेजचे पुढचे आकडे या आकाराच्या गाड्या एसी लावून, दोन-तीन माणसे घेऊन, सरळपणे चालवल्यावर साधारण जे देतात ते आहेत, एखाद-दोन किलोमीटर इकडे-तिकडे. कोल्हापूर शहरात पेट्रोल ११, डिझेल १४, हायब्रिड २१. म्हणजे किलोमीटरला अनुक्रमे ९ रुपये ५५ पैसे, ६ रुपये ५७ पैसे आणि ५ रुपये. हायवेवर ८०-९० च्या वेगाने पेट्रोल १७, डिझेल २०, हायब्रिड २२. रुपयांत ६.१८, ४.६० आणि ४.७७. हायवेवर हायब्रिडचे ॲव्हरेज डिझेलपेक्षा जास्त दिसते, पण खिशातून जास्त पैसे तिलाच जातात. आपल्या तक्त्यातून हे कसे कळणार?

शहरात एवढी तफावत का, याचे कारण इंजिनात आहे. दसरा चौकातून बिंदू चौकाकडे वीसच्या वेगाने सरकताना गाडीला फार थोडी ताकद लागते. साध्या पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, अशा वेळी जवळजवळ बंद असतो आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंजिन दमते. सिग्नलला उभी असताना तर दीड लिटरचे पेट्रोल इंजिन एसीशिवायही तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल नुसतेच जाळते. डिझेलला ताकद कमी करायला हवा अशी कोंडावी लागत नाही, इंजेक्टर इंधनच कमी सोडतो; म्हणून हळू चालतानाही ते फार वाया घालवत नाही. शिवाय डिझेलच्या लिटरमध्ये उष्णताही पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त असते. हायब्रिड वेगळा मार्ग धरते. ताकद कमी लागते तेव्हा ती इंजिन चालवतच नाही, मोटरवर जाते. इंजिन चालवायचेच असेल तर चांगल्या जोरावर चालवते आणि उरलेली ताकद बॅटरीत टाकते. ब्रेक दाबला की मोटरचाच जनरेटर होतो. त्यात तिचे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचे असते: आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, आणि दाबायच्या टप्प्यापेक्षा ढकलायचा टप्पा लांब पडतो. उत्तम स्थितीत इंधनातली चाळीस टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी येते. अशा इंजिनाला खालून पिकअप कमी असतो. ती उणीव मोटर भरून काढते.

मात्र इथे कोल्हापूरची एक अडचण आहे. आपले शहर लहान. शाहूपुरीतून लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीतून मंगळवार पेठेत, सगळे दोन-तीन किलोमीटरचे मामले. गाडी सकाळी थंड असते तेव्हा बॅटरी भरलेली असूनही हायब्रिडचे इंजिन सुरू होते आणि काही मिनिटे चालूच राहते. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर साफ करत नाही, म्हणून तो तापवावाच लागतो. तो तापेपर्यंत आपण पोहोचलेलो असतो! दिवसभरात अशा सुट्या-सुट्या फेऱ्या करणाऱ्याला २१ सोडा, १४-१५ वर समाधान मानावे लागते. गाडीत दोष नसतो. हीच चार कामे एका फेरीत उरकली, तर त्याच गाडीचे ॲव्हरेज वर येते. उलट ऊसतोडीच्या हंगामात कागल किंवा वडगावच्या रस्त्याला दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे पंधरा-वीसच्या वेगाने अर्धा तास अडकलात, तर पेट्रोल गाडीचा आकडा घसरत जातो आणि हायब्रिड तिथे इंजिन बंद ठेवून मजेत सरकते.

घाटाबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून तिथे थोडे थांबतो. “चढाला गेले ते उताराला परत मिळते” असे हायब्रिडबद्दल सर्रास सांगितले जाते. हिशेब करा. माणसांसह १,५०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुटणारी ऊर्जा विजेच्या बिलातल्या मापाने सुमारे ०.४ युनिट. त्यातली काही वाऱ्यात, काही टायरमध्ये, काही मोटर आणि तारांत जाते. बॅटरीत साधारण निम्मी पोहोचते असे धरू. हायरायडर-विटाराची बॅटरी अवघी ०.७६ युनिटची. तिचे आयुष्य टिकावे म्हणून कॉम्प्युटर ती कधीच पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्याच पट्ट्यात खेळवतो. म्हणजे दीड-दोनशे मीटर उतरेपर्यंत तिचे पोट भरते. करूळ किंवा आंबा घाट यापेक्षा कितीतरी खोल. पुढचा सगळा उतार बॅटरीच्या दृष्टीने वाया. मग कॉम्प्युटर पेट्रोल न सोडता इंजिन नुसते फिरवतो आणि त्याचा ब्रेक म्हणून वापर करतो. घाट उतरताना इंजिन ओरडते अशी तक्रार येते ती यामुळेच. ओरडते ते बरेच, ब्रेकचे लायनर त्यामुळे वाचतात. लांब उताराला गिअरचा लिव्हर ‘बी’वर टाकावा, तो त्यासाठीच दिलेला असतो.

चढाचे गणित याच्या उलट. १०० मीटर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा सव्वाशे ते दीडशे मिली पेट्रोल जास्त लागते, गाडी साधी असो की हायब्रिड; डिझेल शंभर-सव्वाशे मिली. बॅटरीतला साठा पहिल्या काही वळणांत संपतो आणि मग गाडी नुसत्या दीड लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनावर येते. पाच माणसे, डिकीत सामान आणि समोर भुईबावड्याची चढण असेल तर ते इंजिन दमते, आवाज करते, आणि ॲव्हरेज साध्या पेट्रोल गाडीच्या जवळ येते. कोकणात सतत भरून येणे-जाणे असेल तर डिझेलचा खालच्या आरपीएमचा जोर आजही सरस आहे, यात आम्हा कोणाचेच दुमत नाही.

याच ओघात न्यूट्रलचे सांगायला हवे. उताराला न्यूट्रल टाकले की इंधन वाचते, ही कार्बोरेटरच्या काळातली समजूत अजून घाटोघाट जिवंत आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, पेट्रोल असो वा डिझेल, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होते. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले की इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहण्यासाठी इंधन घेऊ लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट थोडे जास्तच जाते. हायब्रिडमध्ये तर न्यूट्रलला बॅटरी चार्जही होत नाही. आणि नुसत्या ब्रेकवर आंबा घाट उतरताना ब्रेक तापून पेडल आत जायला लागले, तर वाचवलेले दहा रुपये कोणत्या कामाचे?

हायवेला हवेशी गाठ असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. तिथे ब्रेक क्वचित लागतात, म्हणजे परत मिळवण्यासारखे काही नसते, आणि इंजिन आधीच बऱ्या जोरावर असल्याने हायब्रिडच्या कसरतीला वाव राहत नाही. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर धरा. ८०-९० ने गेल्यास हायब्रिडला जवळजवळ १,१०० रुपयांचे पेट्रोल, डिझेल गाडीला १,०६० रुपयांच्या आसपास डिझेल, पेट्रोल गाडीला १,४२०. काटा १०० वर ठेवला तर हायब्रिड १९ आणि डिझेल १८ वर येते आणि डिझेलची बचत फेरीला ९५ रुपयांच्या घरात जाते. कागल ते सातारा सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर रखडलात, तर हायब्रिड त्यातले थोडे भरून काढते. एकंदरीत हायवेवर दोघींत उन्नीस-बीस. मागे पडते ती साधी पेट्रोल.

मग शहरातही डिझेलच घ्यावी, ११ ऐवजी १४ देते आणि इंधनही स्वस्त? कागदावर अगदी बरोबर. पण कागदावर डीपीएफ नसतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली, तीच डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला तिथे सुमारे ६०० अंश तापमान लागते. गाडी सलग वेगात असली की कॉम्प्युटर जास्तीचे डिझेल सोडून हे काम स्वतःच उरकतो. चालकाला कळतही नाही. घर ते दुकान, दुकान ते शाळा अशा फेऱ्यांत मात्र धूर तेवढा तापत नाही. जाळणे सुरू होते न होते तोच आपण किल्ली फिरवतो. दोन-चारदा अर्धवट राहिले की दिवा लागतो. त्याहून वाईट म्हणजे त्या जास्तीच्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि वासाला डिझेल आले, तर ऑइल पातळ झाले आहे. किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ते बदला, नाहीतर टर्बोचे आणि क्रँकचे बेअरिंग झिजतील.

दिवा लागल्यावर काय करायचे? टाकीत पुरेसे डिझेल आहे ना बघा, आणि गाडी तावडे हॉटेलजवळून हायवेला घालून कागलपर्यंत घेऊन जा. वेग साठच्या वर, आरपीएम दोन हजारांच्या वर. एक गिअर खालचा ठेवला तरी हरकत नाही. पंधरा-वीस मिनिटे सलग. या काळात ॲव्हरेजचा आकडा घसरतो आणि पंख्याचा आवाज वाढतो, म्हणून घाबरून गाडी बंद करू नये. नेमके तेच नको असते. दिवा तरी गेला नाही, किंवा इंजिनाचा दुसरा दिवाही लागून पिकअप गेला, तर मात्र पुढे ओढू नका, स्कॅनर लावून सक्तीची सफाई करून घ्यावी लागते. ऑइल कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच हवे. साधे स्वस्त ऑइल ओतले की त्याची राख जाळीत बसते, आणि राख जळत नाही. ‘जाळीच काढून टाकतो’ असे सांगणारेही भेटतात. ते बेकायदा आहे, पीयूसीलाही अडते आणि धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकात जातो. अनेक नव्या डिझेल गाड्यांना युरियाचे द्रावणही वेगळे भरावे लागते, ३२.५ टक्क्यांचे, बाजारात ॲडब्लू किंवा डीईएफ नावाने मिळते ते. ते संपले की गाडी पुन्हा चालू होत नाही. खर्च मोठा नाही, पण हिशेबात धरायचा राहून जातो.

महिन्यातून दोन-तीनदा तरी पुणे, बेळगाव, रत्नागिरी असा लांब पल्ला असेल तर या जाळीचा काहीच त्रास नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांचेही, वाटेत हायवेचा तुकडा मिळत असल्याने, निभते. गाडी रंकाळ्याच्या पलीकडे जाणारच नसेल, तर मात्र बीएस-६ डिझेल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत. आणि दिल्लीच्या बातम्या वाचून दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाईल अशी भीती बाळगणाऱ्यांसाठी: तो निर्बंध दिल्ली परिसरापुरता आहे, कोल्हापूरला लागू नाही.

पेट्रोलच्या बाजूला सध्या इथेनॉलचा प्रश्न आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असल्याने मिश्रणात नुसत्या उष्णतेची घट सहा-सात टक्क्यांची होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के, तर १० साठी बनवून २० ला जुळवलेल्यांसाठी १ ते २ टक्के घट सांगितली आहे. इथेनॉलमुळे इंजिनाची खडखड कमी होते, म्हणून जास्त कॉम्प्रेशनच्या नव्या इंजिनांना त्यातले काही परत मिळते, जुन्यांना नाही. त्यामुळे जुन्या गाडीचे ॲव्हरेज पंधरावरून चौदावर आले तर इंजेक्टर सफाईवर लगेच खर्च करू नका. ऊस आपला, डिस्टिलरी आपली, आणि घटही आपल्याच टाकीत! आपल्या तक्त्यातल्या तुलनेवर याचा परिणाम इतकाच, की पेट्रोल आणि हायब्रिड दोन्ही थोड्या खाली सरकतात आणि डिझेल जागेवर राहते.

आता मुद्दलाचे. एकाच आकाराच्या गाडीत साध्या पेट्रोलपेक्षा स्ट्राँग हायब्रिडला ३ लाख आणि डिझेलला दीड लाख जास्त पडतात असे धरू. मॉडेलप्रमाणे कमी-जास्त होईल. वरच्या दरांनी हायब्रिडचे ३ लाख शहरात ६६,००० किलोमीटरला फिटतात. नुसत्या हायवेवर २ लाख १३ हजार किलोमीटर लागतात. डिझेलचे दीड लाख हायवेवर ९५,००० किलोमीटरला वसूल होतात. डिझेलला रोड टॅक्सही जास्त: महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४, पंधरा लाखांच्या गाडीवर ३०,००० रुपयांचा फरक. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी टोयोटा आणि मारुती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. शहरात वर्षाला ८,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे जादा पैसे सव्वाआठ वर्षांनी, म्हणजे वॉरंटी संपता-संपता फिटतात. १५,००० फिरणाऱ्याचे साडेचार वर्षांत. वर्षाला पाच-सहा हजारच होत असतील तर साधी पेट्रोल घ्यावी आणि उरलेले पैसे बँकेत ठेवावेत. हायब्रिडची शांतता आणि गिअर न बदलण्याचे सुख हवे असेल तर जरूर घ्या, पण मग पेट्रोल वाचवतो असे घरात सांगू नका.

हायब्रिड नावावर एक ठेच हमखास लागते. ग्रँड विटारात माइल्ड हायब्रिडही आहे आणि स्ट्राँगही. पहिलीचा मॅन्युअलचा जाहीर आकडा २१.११, दुसरीचा २७.९७. माइल्डमधली मोटर सिग्नलला बंद झालेले इंजिन अलगद चालू करते, निघताना थोडा हात देते, पण एकटीने गाडी हलवू शकत नाही. स्ट्राँगमध्ये बटण दाबल्यावर इंजिनाच्या आवाजाशिवायही गाडी ‘रेडी’ होते आणि तशीच निघते. जुन्या बाजारात घेताना तर हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.

स्ट्राँग हायब्रिडची निगा फार नाही, पण तीन गोष्टी लोक विसरतात. बऱ्याच गाड्यांत बॅटरीला थंड हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशवी टेकवली किंवा ती धुळीने भरली की बॅटरी तापते, पंखा घोंघावतो, कॉम्प्युटर मोटरला हात आखडता घ्यायला लावतो आणि ॲव्हरेज उतरते. सर्व्हिसिंगला ती जाळी साफ केली का, हे विचारून घ्या. दुसरे, साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. तिसरे, नारिंगी रंगाच्या केबलला प्रशिक्षण नसलेल्या मिस्त्रीने हात लावू नये. पंचगंगेला पाणी चढायला लागले की गाडी उंचावर हलवा; पाण्यात उभी राहिलेली हायब्रिड चालू करून बघू नका, टो करूनच न्या.

वाचकांनी स्वतः ॲव्हरेज काढायचे तर डॅशबोर्डवरचा आकडा धरू नये, तो बहुतेकदा थोडा खुशमस्कऱ्या असतो. टाकी नोझल आपोआप तुटेपर्यंत, म्हणजे बंद होईपर्यंत, भरा, वरून ‘राउंड फिगर’ नको. ट्रिप मीटर शून्य करा. निदान ३०-३५ लिटर संपवा, मग त्याच पंपावर, जमले तर त्याच नोझलला, गाडी त्याच दिशेला उभी करून पुन्हा तुटेपर्यंत भरा. किलोमीटर भागिले भरलेले लिटर. दहा लिटरवर मोजाल तर नोझल अर्धा लिटर आधी तुटला तरी उत्तर पाच टक्के चुकते; ४० लिटरवर तीच चूक सव्वा टक्क्याची. मोजण्याआधी टायर थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. पंपाच्या मापाची शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागा, ते ठेवणे पंपाला बंधनकारक आहे. ५ लिटरला २५ मिलीपर्यंतची तूट-वाढ नियमात बसते. पहाटे भरलेले पेट्रोल जास्त मिळते म्हणतात, पण जमिनीखालच्या टाकीचे तापमान दिवसभरात फारसे हलतच नाही. झोपमोड करू नका.

टेस्ट ड्राइव्हलाही शोरूम नेईल त्या मोकळ्या रस्त्यावर जाऊ नये. थंड गाडी मागा, एसी लावा, घरची माणसे बसवा, आणि ज्या रस्त्याने रोज जाता त्याच रस्त्याने दहा किलोमीटर फिरा. निघताना ट्रिप मीटर शून्य केलेला असू द्या. तीन गाड्या, एकच रस्ता, एकच वेळ. डॅशबोर्डचा आकडा थोडा फुगीर असला तरी तिघींची तुलना कळायला तो पुरतो.

आपल्याकडे एवढीच मागणी, की पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा कंपनीच्या आकड्याशेजारी आणखी तीन रकाने द्यावेत: शहरात किलोमीटरला रुपये, हायवेला किलोमीटरला रुपये, आणि जादा किंमत किती किलोमीटरला फिटते. दर कोणत्या तारखेचा आणि कोणत्या शहराचा धरला ते खाली लिहावे. डिझेलच्या ओळीला डीपीएफची तळटीप हवी. जागा कमी पडत असेल तर गाडीचा रंगीत फोटो एक कमी करावा.

कळावे,
वाहन दुरुस्ती व प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक,
कोल्हापूर